तिऱ्हाइताची कुकी

पान मागणाऱ्याला पान द्यावे आणि देताक्षणीच त्याला विसरावे, अशी वेबची मूळ घडण होती. आणि ऑनलाइन दुकानात ग्राहकाने निवडलेल्या मालाची नोंद अशा विस्मरणशील सर्व्हरपाशी टिकावी कशी, या पेचातून मार्ग काढण्यासाठी नेटस्केप कंपनीतील अभियंता लू मोंटुली याने १९९४ साली ती नोंद ग्राहकाच्याच ब्राउझरच्या स्वाधीन करण्याची जी तजवीज केली, तीच कुकी होय. जिने ती दिली त्या साइटलाच ती परत मिळावी, असा निर्बंध तीत आरंभापासून होता. मोंटुलीचा हेतू निर्मळ होता, याविषयी मला संशय नाही.

परंतु वर्तमानपत्राच्या पानावरील जाहिरातीचे चित्र जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून येई, त्यासोबत तिचीही कुकी येई, आणि तीच कंपनी असंख्य साइटांवर जाहिराती लावीत असल्यामुळे, तिचे नावही ठाऊक नसलेल्या वाचकाच्या भ्रमंतीची रोजनिशी तिच्या दप्तरी साचू लागली. निर्बंध अक्षरशः पाळला जात होता. त्याचा आशय मात्र लोपला होता.

फेब्रुवारी १९९७ मध्ये डेव्हिड क्रिस्टल आणि स्वतः मोंटुली यांच्या नावाने इंटरनेटच्या मानकसंस्थेने प्रसिद्ध केलेल्या आरएफसी २१०९ या दस्तऐवजात, वापरकर्त्याने आपण होऊन मुभा दिल्यावाचून अशा तिऱ्हाइताची कुकी ब्राउझरने स्वीकारू नये, असे निःसंदिग्ध कलम होते. हे कलम अमलात आले असते तर पुढची पंचवीस वर्षे निराळी गेली असती, असे मी पुरत्या विचारान्ती म्हणतो. जाहिरात कंपन्यांनी हरकत घेतली. आणि नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही नकाराचा पर्याय सेटिंग्जमध्ये ठेवून, कोणी काही न केल्यास मात्र ‘स्वीकार’ हीच वहिवाट कायम केली. बहुसंख्य माणसे सेटिंग्ज उघडीत नाहीत. त्यांच्या या मौनालाच कबुलायत मानले गेले, हा मला त्या निर्णयातील खरा अन्याय वाटतो.

युरोपने २००९ च्या दुरुस्तीने पूर्वसंमती बंधनकारक केली. सफारीने २०२० मध्ये तिऱ्हाइतांच्या कुकींना सरसकट मज्जाव केला. गूगलने त्याच वर्षी त्या क्रोममधून दोन वर्षांत हटविण्याचे अभिवचन दिले, मुदत वारंवार वाढविली आणि एप्रिल २०२५ मध्ये पूर्वीचीच व्यवस्था चालू ठेवण्याचे जाहीर केले. त्यामुळे क्रोम वापरणाऱ्याला आजही सेटिंग्जमधील गोपनीयतेच्या विभागात जाऊन त्या स्वतःच रोखाव्या लागतात, आणि आधी साठलेल्या पुसण्याचे काम वेगळे करावे लागते.