तिसऱ्यांदा बांधावर

लेण्याद्रीच्या पायऱ्या तीनशेच्या आसपास. निम्म्यावर तुम्ही दम खायला थांबता, तेवढ्यात खालून डोली येते. डोलीत एक आजोबा, पाठ ताठ, टोपी गुडघ्यावर. डोलीवाले त्यांना 'मेजर' म्हणतात. आपल्याकडे फौजेतून साधा शिपाई म्हणून परतलेला माणूसही गावाला मेजरच. तुम्ही कडेला सरता. पुढच्या गड्याच्या मानेची शीर टरारून फुगलीय. 'दमानं रे पोरांनो, घाई नाय,' आजोबा सांगतात.

तुम्ही मागं वळता. समोर जुन्नरपलीकडे शिवनेरी. डोळे मिटा.

उघडाल तेव्हा तारीख ९ एप्रिल १९४५. तुम्ही इटलीत, सेनिओ नदीत, छातीपर्यंत पाण्यात उभे आहात. दोन्ही बाजूंना पुराच्या पाण्यासाठी घातलेले उंच बांध. दोन्ही बांध आतून पोखरून जर्मनांनी मशीनगनची ठाणी बसवलीत. तुमच्या शेजारी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनचा एक शिपाई, कंपनीचा रनर. नाव नामदेव जाधव. जुन्नरच्या सीमेला लागून असलेल्या नगर जिल्ह्यातलं निमज हे त्याचं गाव, वय तेवीस.

निथळत तुम्ही काठाला लागता आणि तोफगोळे, गोळ्या एकदम सुरू होतात. कंपनी कमांडर आणि आणखी दोघं जखमी होतात. बाकीचे सगळे जागीच जातात. धड उभा राहतो तो एकटा नामदेव.

तो एका जखमीला उचलतो. भिजलेल्या गणवेशातला, अंग सोडून दिलेला माणूस किती जड लागतो, ते त्याच्या मागोमाग चालताना तुम्हाला कळतं. खोल पाणी, मग बांधाची उभी चढण, तिच्यावर पेरलेले सुरुंग. तो पाऊल टाकतो तिथंच तुम्ही टाकता. जखमीला आडोशाला ठेवून तो पुन्हा पाण्यात उतरतो आणि दुसऱ्याला घेऊन येतो.

आता तो बांधाच्या आडोशाला, सुरक्षित आहे. एवढ्यावर थांबला असता तरी कुणी बोट दाखवलं नसतं. नामदेव तिसऱ्यांदा तो बांध ओलांडतो. बांधाच्या आतल्या अंगाचं पहिलं ठाणं टॉमीगननं गप्प करतो. हाताला जखम होते, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती फेकून देऊन हातबॉम्ब घेतो. ते संपल्यावर सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या साथीदारांकडून आणखी आणतो. आणखी दोन ठाणी संपतात. मग तोफगोळे पडत असताना तो बांधावर उघड्यावर उभा राहतो, मराठ्यांची युद्धगर्जना करतो आणि हात हलवून मागच्या कंपन्यांना पलीकडे बोलावतो. शिवाजी महाराजांच्या नावाचा तो जयजयकार तुमच्या कानात घुमतो. ज्या बाळाला ते नाव ठेवलं, ते समोरच्या त्या शिवनेरीवर जन्मलेलं.

व्हिक्टोरिया क्रॉस याच दिवसासाठी मिळाला. पण मला सगळ्यात मोठ्या वाटतात त्या पहिल्या दोन खेपा. शत्रू मारायला त्वेष कामी येतो. दुसऱ्याचं ओझं घेऊन सुरुंगांतून पावलं टाकायला मात्र डोकं शांत लागतं, आणि जीव लावणारं मन.

इटलीतलं युद्ध २ मे १९४५ला थांबलं. नामदेव जाधव २ ऑगस्ट १९८४ला गेले. मधली एकोणचाळीस वर्षं! सन्मानपत्रात एक संध्याकाळ मावते, पण पावसाळी रात्री तो जखमी हात ठणकत असेल का, पाण्यात राहिलेले सोबती झोपेत येत असतील का, हे त्यात कुठून असणार? ते शेजारी बसून विचारावं लागतं, आणि माणूस आहे तोवरच.

पुन्हा पायऱ्या. तुम्ही झपझप वर चढता. गिरिजात्मजाच्या लेण्याबाहेर डोली टेकलीय. आजोबा एका डोलीवाल्याचा हात धरून उतरतात, पायरीवर बसतात आणि आधी त्याच पोराला स्वतःच्या बाटलीतलं पाणी देतात.

'कोणती बटालियन, मेजर?' तुम्ही विचारता.

ते तुमच्याकडे जरा वेळ पाहतात. मग शेजारची टोपी उचलून जागा करतात.

'बस,' म्हणतात.