शाळेचें दार
नगर जिल्ह्यांतील प्रवेशाचा व शिक्षणक्रमाचा थोडा इतिहास

शाळाप्रवेशाचे दिवस आले म्हणजे आपल्या ख्रिस्ती शाळांच्या दारीं आईबापांची दाटी होते, आणि दोन प्रश्नांवरून बोलाचाली होते : कोणाच्या मुलास घ्यावें, व घेतल्यावर काय शिकवावें? महोत्सवाच्या या वर्षीं धर्मग्रामानें मागें वळून पाहिलें, तर हा वाद या जिल्ह्यास नवा नाहीं असें आढळेल.

अमेरिकन मराठी मिशननें अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) येथें १८३१ त ठाणें घातलें. १८३९ त तेथें आलेल्या मिस सिंथिया फॅरार यांनीं मुलींच्या शाळा चालविल्या. १८४८ त जोतीराव फुले यांनीं त्यांची शाळा पाहिली, आणि त्याच वर्षीं पुण्यास भिडेवाड्यांत त्यांची मुलींची शाळा निघाली. पुढें १८५४-५५ त मिशनच्या बोस्टन येथील मंडळाचे चिटणीस रुफस अँडरसन पाहणीसाठीं आले. शिक्षण देशी भाषेंत असावें व तें सुवार्तेच्या कार्यास पूरक असावें, असा त्यांचा आग्रह. परंतु नोकरीची वाट इंग्रजीनें उघडत होती. मराठी कीं इंग्रजी, हा आजचा वाद तेव्हांच सुरू झाला होता.

प्रवेशाची गोष्ट याहून कडू आहे. १८५६ त धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलास प्रवेश मिळाला नाहीं. त्यानें मुंबई सरकारकडे अर्ज केला. पण एकासाठीं इतर मुलें शाळा सोडतील या भयानें सरकारनें हात आंखडता घेतला. शाळा सर्व जातींस खुल्या, हें तत्त्व वरिष्ठांनीं लौकरच मान्य केलें खरें, तरी अशीं मुलें पुढेंही पुष्कळ वर्षें ओसरीवरच बसत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येशूसंघाचे जर्मन धर्मगुरु केंदळ, संगमनेर या भागांत कार्य करूं लागले, तें अशाच ओसरीवरच्या लोकांत. प्रार्थनेची जागा व शाळेची जागा कित्येक गांवीं एकच असे. धर्मशिक्षक व मास्तरही एकच. आपल्यांपैकीं पुष्कळांच्या पूर्वजांनीं पाटी प्रथम तेथेंच हातीं धरली. ज्यांना दुसरें दार नव्हतें, त्यांच्यासाठीं हें दार उघडलें होतें.

२६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेनें कलम ३० अन्वयें अल्पसंख्याकांस आपल्या शाळा चालविण्याचा हक्क दिला. त्याबरोबरच सरकारी मदत घेणाऱ्या शाळेनें धर्म, वंश, जात वा भाषा एवढ्याच कारणावरून कोणास नाकारूं नये (कलम २९), आणि सरकारमान्य वा मदतप्राप्त शाळेंत पालकांच्या संमतीवांचून बालकास धर्मशिक्षणास बसवूं नये (कलम २८), असेंही बजावलें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें खासगी विनाअनुदान शाळांत निदान चतुर्थांश जागा दुर्बल व वंचित मुलांस ठेवण्यास सांगितलें. पण सर्वोच्च न्यायालयानें २०१४ त अल्पसंख्याकांच्या शाळांस या कायद्यांतून वगळलें. २०२५ त त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं त्या निर्णयाविषयीं शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असें सुचविलें.

कायद्यानें मोकळें केलें, म्हणून सुवार्तेनेंही मोकळें केलें काय? आपला हक्क लहान समाजानें टिकावें म्हणून आहे. ऊंसतोडणीस जाणाऱ्या बाप्तिस्मा झालेल्या बापाची मुलगी फीपायीं बाहेर राहिली, तर त्या हक्काचें नुसतें टरफल उरतें. व्हॅटिकन परिषदेनें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं शिक्षणाविषयींच्या घोषणापत्रांत आईबाप हेच मुलांचे पहिले शिक्षक असल्याचें सांगून गरिबांची विशेष काळजी शाळांवर सोंपविली आहे. म्हणून पालकांनीं अभ्यासक्रमाविषयीं विचारावें, हें योग्यच. परंतु शेजाऱ्याच्या मुलाचेंही विचारावें.

प्रवेशाचे नियम शाळेच्या फळ्यावर लिहिलेले असोत. वशिला, मग तो धर्मगुरूच्या चिठ्ठीचा असला तरी, चालूं नये. इंग्रजी शिकवावी, पण मराठी लाजेची भाषा होऊं देऊं नये. नीतिपाठ सर्वांस द्यावेत, धर्मशिक्षण आपल्या मुलांस. दुसऱ्याच्या श्रद्धेवर दडपण नको. पूर्वजांना जें दार उघडें मिळालें, तें आपल्या हातून अर्धें लोटलें जाऊं नये, एवढी बुद्धि प्रभु येशू आपणां सर्वांस देवो.