चीनमधला मित्र केनवडला यायचं म्हणतोय, व्हिसाचं काय करायचं?

वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात, मालेगाव-मेहकर रस्त्यावर केनवड लागतं. इथून मेहकर गाठलं की लोणारचं सरोवर जवळ येतं आणि जालन्याच्या बाजूनं पुढे गेलं की अजिंठा-वेरूळची वाट लागते. आता समजा, या गावातला एखादा मुलगा चीनमध्ये एमबीबीएस करून आलाय. त्याचा तिकडचा वर्गमित्र म्हणतो, "तुझं गाव बघायचंय, लोणार बघायचंय, येऊ का?" तर तो येऊ शकतो का?

२०२५ च्या जुलैपर्यंत या प्रश्नाचं उत्तर सरळ "नाही" असं होतं. आता उत्तर "हो" आहे. पण हा व्हिसा मोबाईलवर बसल्या बसल्या मिळत नाही. आणि त्यातलं बरंचसं काम बीजिंग किंवा शांघायमध्ये नाही, तर केनवडमधल्या यजमानाच्या घरात होतं. गडबडही तिथंच होते.

दार बंद कसं झालं, उघडलं कधी

२०१५ च्या मे महिन्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी चीनच्या दौऱ्यावर होते. तिथं त्यांनी चिनी पर्यटकांना ई-व्हिसा देण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी तो सुरूही झाला. घरी बसून फॉर्म भरायचा, ईमेलवर मंजुरी यायची, विमानतळावर शिक्का. २०१९ मध्ये चीनमधून भारतात तीन लाखांहून जास्त लोक आले. आकडा मोठा वाटतो, पण त्या वर्षी चिनी लोकांनी देशाबाहेर १५ कोटींहून जास्त फेऱ्या केल्या होत्या. त्या हिशेबात भारताच्या वाट्याला आले ते चिमूटभरच.

मग २०२० उजाडलं. फेब्रुवारीत कोरोनामुळे चिनी नागरिकांचा ई-व्हिसा थांबला. जूनमध्ये गलवान घडलं. इकडे चीननं भारतीय विद्यार्थ्यांना परत घेतलं नाही. वीस हजारांहून जास्त मुलं दोन-अडीच वर्षं घरी बसून ऑनलाइन मेडिकल शिकत होती, त्यात महाराष्ट्रातलीही होती. एप्रिल २०२२ मध्ये विमान कंपन्यांच्या आयाटा या संघटनेच्या परिपत्रकातून जगाला कळलं, की भारतानं चिनी नागरिकांचे पर्यटक व्हिसा स्थगित केलेत. विद्यार्थ्यांची वाट त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोकळी झाली. पर्यटकांची मात्र अडकली ती अडकलीच.

ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियातल्या कझानला मोदी आणि शी जिनपिंग भेटले, त्यानंतर गाडी हलली. २०२५ च्या उन्हाळ्यात कैलास-मानसरोवर यात्रा पुन्हा सुरू झाली. २४ जुलै २०२५ पासून भारतानं चिनी नागरिकांना पर्यटक व्हिसा द्यायला सुरुवात केली. २६ ऑक्टोबरला कोलकाता-ग्वांगझू थेट विमान उडालं आणि नोव्हेंबरमध्ये शांघाय-दिल्ली.

चिनी माणसानं काय करायचं असतं

जुलै २०२५ मध्ये सुरू झाला तो ई-व्हिसा नव्हे, कागदी व्हिसा. म्हणजे पासपोर्टवर चिकटवला जाणारा. पद्धत अशी : भारत सरकारच्या व्हिसा संकेतस्थळावर फॉर्म भरायचा, त्याची प्रत छापायची, भेटीची वेळ ऑनलाइन घ्यायची आणि पासपोर्ट घेऊन स्वतः अर्ज केंद्रात जायचं. चीनमध्ये ही केंद्रं बीजिंग, शांघाय आणि ग्वांगझू या तीन शहरांत आहेत. चीनचा पसारा पाहता एखाद्याला केंद्र गाठायलाच हजार-दीड हजार किलोमीटर पडू शकतात. त्यामुळे फॉर्ममधली एक चूक म्हणजे एक आख्खी ट्रिप वाया.

अजून एक बारीक गोष्ट. अर्ज दिल्यावर पासपोर्ट केंद्राकडे राहतो. मधेच तो परत हवा असेल, तर पासपोर्ट मागे घेण्याचं लेखी पत्र द्यावं लागतं. बीजिंगच्या केंद्रासाठी दूतावासानं हे सूचनेत मुद्दाम लिहिलं होतं.

पासपोर्ट किमान सहा महिने चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. फोटो चौकोनी, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. आपल्याकडच्या "पासपोर्ट साइज"सारखा उभा फोटो चालत नाही.

फॉर्म मात्र लांबलचक आहे. आई-वडिलांची नावं, त्यांचा जन्म कुठला, नागरिकत्व कुठलं, घराण्यात कुणी पाकिस्तानी होतं का, लष्करात किंवा पोलिसात नोकरी केली का, गेल्या दहा वर्षांत कुठले देश पाहिले, गेल्या तीन वर्षांत सार्क देशांपैकी कुठं गेला होता. नेपाळ ही चिनी पर्यटकांची नेहमीची जागा. ती फेरी "काय एवढं" म्हणून लपवली तर पुढे अंगाशी येते, कारण पासपोर्टवर शिक्का असतोच.

नावाचीही एक गंमत आहे. चिनी पासपोर्टवर आडनाव आधी आणि नाव नंतर. आपल्याकडेही शाळेच्या हजेरीत आडनाव आधी लिहायची सवय असल्यानं मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही. पण दोन अक्षरांचं चिनी नाव पासपोर्टवर सलग लिहिलेलं असतं आणि फॉर्ममध्ये ते तोडून किंवा मधे रेघ देऊन लिहिलं, तर जुळत नाही. पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर.

केनवडचा पत्ता फॉर्मवर कसा लिहायचा

फॉर्ममध्ये "भारतातला संदर्भ" असा रकाना असतो. नाव, पत्ता, फोन नंबर. हॉटेलचा पत्ता दिला तरी चालतो. पण पाहुणा घरी उतरणार असेल तर घरचाच खरा पत्ता द्यावा आणि दिलेल्या नंबरवर फोन आला तर उचलावा.

इथं गावाकडच्या पत्त्याची खरी परीक्षा होते. केनवडचं इंग्रजी स्पेलिंग लोक आपापल्या परीनं करतात. यजमानाच्या आधार कार्डावर जे आहे तेच पाहुण्यानं लिहिलं तर घोळ टळतो. गावाशिवाय तालुका रिसोड, जिल्हा वाशिम, पिन कोड हे सगळं हवं. "कुठं कुठं जाणार" या रकान्यात नुसतं मालेगाव लिहिलं, तर वाचणारा नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव समजणार. वाशिमचं मालेगाव कुणाच्या डोक्यातही येणार नाही, म्हणून जिल्हा जोडून लिहावा. औरंगाबादचंही तेच. महाराष्ट्रातल्या शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे आणि बिहारमध्ये औरंगाबाद नावाचा जिल्हा अजून आहेच.

पर्यटक व्हिसावर फिरणं, देवदर्शन, मित्र-नातेवाइकांना भेटणं चालतं. काम करणं, पत्रकारिता, धर्मप्रचार चालत नाही. म्हणजे मित्राच्या लग्नाला आला, नाचला, जेवला, हरकत नाही. मित्राच्या हॉस्पिटलात "चार दिवस ओपीडी सांभाळ" म्हटलं, की तो व्हिसाच्या अटीचा भंग.

कागदपत्रं पाठवताना वेगळीच अडचण येते. भारतानं जून २०२० मध्ये ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यात वीचॅट होतं. चीनमध्ये व्हॉट्सॲप आणि जीमेल अडवलेले. म्हणजे दोघा मित्रांकडे एकमेकांचं ॲपच नाही. साधा ईमेल, तोही चीनमध्ये चालणाऱ्या खात्यावर, हाच भरवशाचा मार्ग. तो पाहुणा भारतात उतरल्यावरही वीचॅटवर साठवलेलं काही उघडेल अशी आशा धरू नये. तिकीट, पत्ता, यजमानाचा नंबर, सगळं छापून खिशात.

तारखा नीट मोजा

पर्यटक व्हिसाबाबत सगळ्यात जास्त फसगत होते ती इथं. व्हिसाची मुदत भारतात पाय ठेवल्या दिवसापासून मोजत नाहीत. ती व्हिसा दिल्याच्या तारखेपासून सुरू होते. महिनाभर आधी व्हिसा काढला आणि प्रवास लांबला, तर तेवढे दिवस कापले गेले. एका वेळी किती दिवस राहता येईल आणि किती वेळा ये-जा करता येईल, हे व्हिसावर वेगळं छापलेलं असतं. दोन्ही वाचायचं.

१ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशांसाठी ई-अरायव्हल कार्ड आलंय. ते पोचण्याआधीच्या ७२ तासांत ऑनलाइन भरायचं. हा व्हिसा नव्हे. विमानात वाटायचे ते कागदी कार्ड, तेच आता मोबाईलवर.

पाहुणा आला, आता यजमानाची पाळी

परदेशी माणूस मुक्कामाला आला की यजमानानं २४ तासांच्या आत त्याची नोंद सरकारकडे करायची असते. लोक ज्याला फॉर्म सी म्हणतात, तो हाच. लोकांना वाटतं, हा हॉटेलवाल्यांचा विषय. तसं नाही, घरी ठेवून घेतलं तरी नोंद लागते. छोट्या गावातले लॉज परदेशी पाहुण्याला "रूम नाही" म्हणतात, त्यामागंही बहुतेकदा याच फॉर्मची धास्ती असते.

नोंद ऑनलाइन होते, पण त्यासाठी आधी यजमानाचं खातं मंजूर व्हावं लागतं. पाहुणा दारात उभा असताना खातं उघडायला बसलं तर २४ तास कधी संपले कळत नाही. वाशिमसारख्या जिल्ह्यात परकीय नागरिक नोंदणी अधिकारी म्हणजे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक. त्यांच्या कार्यालयात आठ-पंधरा दिवस आधी जाऊन विचारून घेतलं, की पुढचं सोपं जातं. गावात चिनी माणूस दिसला म्हणून कुणी ठाण्यात फोन केलाच, तर नोंदीची प्रत दाखवून विषय दोन मिनिटांत संपतो. नोंद नसेल तर चहा पोलीस ठाण्यात.

१ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट हा नवा कायदा लागू झालाय. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे त्यानं मोडीत काढले. मुदत संपूनही थांबणं किंवा व्हिसाच्या अटी मोडणं याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. राहण्याची सोय करणाऱ्यावरची नोंदीची जबाबदारी या कायद्यातही कायम आहे.

लोणार, अजिंठा, वेरूळ यांना वेगळी परवानगी लागत नाही. पण तोच पाहुणा पुढे अरुणाचल किंवा सिक्कीमला जायचं म्हणाला, तर थांबवा. संरक्षित भागांत जायला चिनी नागरिकांना केंद्रीय गृह मंत्रालयाची आधी मंजुरी लागते. इतर देशांच्या पर्यटकांना तिथं ज्या सवलती आहेत, त्या चीन, पाकिस्तान आणि अफगाणिस्तानच्या नागरिकांना लागू नाहीत.

पण चिनी माणूस इकडं येणार कशाला?

हा प्रश्न वाशिमकरानं तरी विचारू नये. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं कोरवून घेतलं. त्या लेण्याच्या दाराशी दगडी हत्ती आहेत.

सातव्या शतकात ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला, तेव्हा पुलकेशी दुसरा राज्य करत होता. त्यानं डोंगरातल्या एका लेण्याचं आणि दारावरच्या दगडी हत्तींचं वर्णन लिहून ठेवलं. अभ्यासक ते अजिंठ्याचं मानतात. चीनमध्ये हा भिक्खू शाळकरी पोरांनाही माहीत असतो. आणि गंमत म्हणजे, तो भारतात यायला निघाला तो बादशहाची प्रवासबंदी मोडून, परवानगी न घेता. ६४५ मध्ये सतरा-अठरा वर्षांनी परतला, तेव्हा मात्र त्याच दरबारानं त्याचं स्वागत केलं. आजच्या पाहुण्यानं हा प्रयोग करू नये.

दुसरं नाव डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेला, तिथंच लग्न केलं आणि १९४२ मध्ये तिथंच वारला. त्यांच्या पत्नी गुओ छिंगलान नंतर कोटणीसांच्या घरच्यांना भेटायला भारतात अनेकदा आल्या. चिनी पासपोर्टवर मराठी सासर गाठणाऱ्या त्या बहुधा सगळ्यात प्रसिद्ध पाहुण्या.

कागद नसला तर काय होतं, याचं उदाहरण महाराष्ट्राच्या हद्दीला लागूनच आहे. वांग छी हा चिनी सैन्यातला सर्व्हेअर १९६३ मध्ये भारताच्या हद्दीत सापडला. काही वर्षं तुरुंगात काढल्यावर तो मध्य प्रदेशातल्या तिरोडीला राहिला. हे तेच तिरोडी, जिथं भंडाऱ्याच्या तुमसरहून रेल्वे जाते. त्यानं इथंच संसार केला, लोक त्याला राज बहादूर म्हणू लागले. चिनी पासपोर्ट मिळाला २०१३ मध्ये. आणि आपलं गाव त्यानं पुन्हा पाहिलं ते फेब्रुवारी २०१७ मध्ये, पन्नासहून जास्त वर्षांनी. तोवर आई जगात नव्हती.

आणि केनवडकर चीनला निघाला तर?

त्यालाही कागदी व्हिसाच लागतो, पर्यटनाचा तो "एल" प्रकारचा. चीनच्या भारतातल्या व्हिसा केंद्रांपैकी महाराष्ट्रासाठी मुंबईचं. मित्राच्या घरी उतरला तर २४ तासांच्या आत तिथल्या पोलिसांकडे नोंद करावी लागते, तो नियम चीनमध्येही आहे. फरक एवढाच, की तिकडे ही नोंद पाहुणा स्वतःही करू शकतो.