वजन, वेग आणि बोरघाट

मंडळी, गाडीत चार माणसं जास्त बसली तर तिचा टॉप स्पीड किती कमी होतो? बहुतेकांचं उत्तर "बराच" असं असतं. खरं उत्तर आहे "जवळजवळ नाहीच". आधी एक छोटंसं गणित करू, मग इतिहासाकडे वळू. (नमनाला घडाभर तेल होणार नाही, काळजी नसावी.)

समजा हजार किलोची एक छोटी कार सपाट रस्त्यावर जास्तीत जास्त १४० च्या वेगाने पळते. त्या वेगाला इंजिनाची बहुतेक ताकद हवेला बाजूला सारण्यातच संपते. टायर रस्त्यावर घासतात त्याचा वाटा साधारण सहावा हिस्सा, फार तर पाचवा. वजनामुळे वाढतो तो एवढाच वाटा. हवेला तुमच्या वजनाशी काही देणंघेणं नाही. ३०० किलो वाढवले तरी टॉप स्पीड दोन-अडीच किलोमीटरने उतरतो, बस्स. त्या वेगाला पोचायला वेळ जास्त लागतो आणि आपल्याला जाणवतो तो हाच फरक.

पण हे झालं सपाटीचं. चढ आला की हिशोबच बदलतो. हे कुणाला सगळ्यात आधी आणि सगळ्यात महागात कळलं असेल, तर ते जीआयपी रेल्वेच्या इंजिनिअरांना, आपल्या बोरघाटात.

१८५८ साली खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली, खालून खोपोलीपर्यंतही गाडी येत होती, पण मधला घाट तेवढा बाकी होता. प्रवासी खाली उतरून पालखीतून, तट्टावरून वर जायचे आणि दुसरी गाडी पकडायचे. घाटाचं काम १८५६ ला सुरू झालं आणि १८६३ ला संपलं. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली. १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन काही आठवड्यांतच वारला आणि पुढचं कंत्राट त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, सांभाळलं. पटकी, ताप आणि अपघातांत हजारो मजूर मेले. त्यांची नावं कुठेच नाहीत.

एवढं करून मिळालं काय? २५ बोगदे, ८ मोठे पूल आणि सुमारे २५ किलोमीटरमध्ये ५५८ मीटरची चढण. सगळ्यात खडा चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर.

ऐकायला किरकोळ वाटतं ना? आता बघा. सपाट रुळावर कमी वेगाने चालणाऱ्या गाडीला टनामागे साधारण ३ किलोची ओढ पुरते. रेल्वेची सगळी जादू तीच आहे. १:३७ च्या चढावर त्यात आणखी २७ किलो मिळवायचे, म्हणजे टनामागे ३०. एकदम दहापट! आणि यातला जवळपास सगळा भाग थेट वजनाच्या प्रमाणात वाढतो. २६०० अश्वशक्तीचं इंजिन घेतलं, तर ४०० टनांची गाडी कागदावर तासाला ६० किलोमीटरने घाट चढेल. वजन ८०० टन केलं की वेग ३०. दुप्पट वजन, निम्मा वेग. सपाटीवर लपून बसलेलं वजन घाटात असं समोर येऊन उभं राहतं.

२६०० हा आकडा मी उगाच घेतला नाही. १९२८ पासून या घाटात मालगाड्यांसाठी जी विजेची इंजिनं आली, त्यांची ताकद एवढीच होती. रेल्वेवाले त्यांना 'खेकडा' म्हणायचे. वजन सुमारे १२५ टन. आता कुणी म्हणेल, वजन जर इतकं वाईट, तर इंजिनच एवढं जड कशाला?

गंमत इथेच आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरू नये म्हणून त्याच्यावर वजन लागतंच. चाकांवरच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा ओढ मिळते, पावसात त्याहून कमी. म्हणजे मोटर लावलेल्या चाकांवरचं वजन आपलं मित्र आणि मागच्या डब्यांतलं वजन शत्रू. वाफेच्या जमान्यात घाटातल्या इंजिनांची पाण्याची टाकी खोगिरासारखी बॉयलरवरच बसवायचे, कारण ते पाणीसुद्धा चाकं दाबायला उपयोगी पडायचं. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावतात तेही त्याचसाठी. ताकद वाढते आणि पकड धरणारी चाकंही वाढतात.

१ जून १९३० ला दख्खनची राणी सुरू झाली तेव्हा तिला ७ डबे होते. २०२२ मध्ये नवे एलएचबी डबे मिळाले तेव्हा १६. घाट मात्र तोच. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत आली आणि बँकरशिवाय घाट चढली. तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटर आहेत. शत्रूकडचं निम्मं वजन तिने आपल्या बाजूला वळवून घेतलं म्हणा ना!

इथवर सगळं चढण्याबद्दल झालं. (जाता जाता, रेल्वेच्या भाषेत मुंबईहून घाट चढून जाणारी गाडी 'डाऊन' आणि उतरणारी 'अप'. असो.) खरी भीती आहे ती उतरण्याची. ५०० टनांची गाडी घाट उतरते तेव्हा साधारण ७५० युनिट वीज भरेल एवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. खेकड्याची सोय झकास होती. उतरताना त्याच्या मोटरच जनित्र व्हायच्या आणि वीज परत तारेत जायची. बाकी भार ब्रेकवर. ब्रेक तापले, पकड गेली, की तेच वजन गाडीला ढकलायला लागतं.

म्हणून घाटात कॅच सायडिंग आहेत. मुख्य मार्गाला फुटलेला, चढावर जाऊन संपणारा रूळ. उतरणाऱ्या गाडीसाठी सांधे मुळात त्या सायडिंगकडेच वळवून ठेवलेले असतात. गाडी आधी पूर्ण थांबली पाहिजे, मगच तिला खाली जायचा रस्ता मिळतो. थांबता आली नाही, तर ती आपोआप चढावर चढते. मला, एक प्रोग्रामर म्हणून, ही व्यवस्था फार आवडते. गाडी काबूत आहे असं इथे कुणी गृहीत धरत नाही, प्रत्येक गाडीने ते सिद्ध करायचं.

शेजारच्या रस्त्याला असं काही नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रकची वजनमर्यादा वाढवली, दोन एक्सलच्या ट्रकला १६.२ टनांऐवजी १८.५ टन. सपाटीवर त्याने टॉप स्पीडला फारसा धक्का बसत नाही, म्हणून काही बदललंय असं वाटतही नाही. पण त्याच घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्या ड्रायव्हरच्या ब्रेकवर तो प्रत्येक जादा टन येतो, आणि त्याला 'आधी थांबून दाखव' म्हणणारं कुणी नसतं. तेव्हा पुढच्या वेळी घाट उतरताना पुढे जड ट्रक दिसला, तर जरा अंतर ठेवा. आणि आपली गाडीही गिअरमध्येच ठेवा.