लक्ष्मीबाई भाऊराव पाटील

लक्ष्मीबाई भाऊराव पाटील (मृत्यू : इ.स. १९३०) या रयत शिक्षण संस्थेच्या आरंभीच्या काळातील वसतिगृहांचा भार वाहणाऱ्या कार्यकर्त्या व कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी होत. संस्थेत त्यांचा उल्लेख 'रयतमाऊली' असा केला जातो. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) शहरातील संस्थेच्या एका विद्यालयास, तसेच सोलापूर येथील महिला महाविद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले आहे.

वसतिगृहातील कार्य

भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये सातारा येथे वसतिगृह सुरू झाले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत व एका पंक्तीस जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नाव देण्यात आले.

लक्ष्मीबाई सोवळे-ओवळे कटाक्षाने पाळणाऱ्या जैन घराण्यातील होत्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मुलांना घरात घेणे, त्यांना आपल्या मुलांप्रमाणे वाढणे, आजारपणात त्यांची शुश्रूषा करणे हे त्या काळी एखाद्या सभेतील ठरावापेक्षा कितीतरी अवघड होते. सुधारकाचे भाषण वर्तमानपत्रात छापून येई. चुलीपुढील सुधारणेची नोंद मात्र क्वचितच होई. वसतिगृहास नियमित उत्पन्न नव्हते. धान्य संपले की लक्ष्मीबाईंचा एकेक दागिना मोडला जाई किंवा गहाण पडे. अखेरीस मुलांच्या जेवणासाठी त्यांनी मंगळसूत्रही दिले, ही हकिकत संस्थेच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. त्या शाळेत शिकवीत नव्हत्या. तरीही त्यांना शिक्षणकार्यकर्त्या म्हणणे योग्य ठरते, कारण खेड्यातील गरीब मुलाचे शिक्षण पुस्तकापेक्षा दोन वेळच्या जेवणावर अडलेले होते.

१९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेची पुढील वाढ त्यांना पाहता आली नाही. साताऱ्यातील महाराजा सयाजीराव हायस्कूल १९४० मध्ये, तर छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये सुरू झाले.

नामकरण

संस्थेच्या नावाविषयी भाऊराव आग्रही होते. मोठ्या देणगीच्या मोबदल्यात शिवाजी कॉलेजचे नाव बदलण्याची सूचना आली असता, वेळ पडल्यास वडिलांचे नाव बदलीन, पण कॉलेजचे नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात.

संस्थेच्या उत्तर विभागाचे कार्यालय अहमदनगर येथे असून जिल्ह्यात तिच्या शाखांचे मोठे जाळे आहे. श्रीरामपूरचे रावबहादूर नारायणराव बोरावके महाविद्यालय, कर्जतचे दादा पाटील महाविद्यालय आणि नगरचे राधाबाई काळे महिला महाविद्यालय ही त्यांतील काही ठळक नावे. लक्ष्मीबाईंच्या नावाचे विद्यालय याच मालिकेत येते. ज्यांच्या हाती ना पद होते ना अधिकार, अशा स्त्रीच्या नावाची पाटी शाळेच्या दारावर लागणे ही आपल्याकडे विरळा गोष्ट होय.

सोलापूरच्या महाविद्यालयाचा उल्लेख व्यवहारात 'एल.बी.पी.एम.' असा होतो. अशा आद्याक्षरांमुळे मूळ नाव, आणि त्यामागील व्यक्तीही, विद्यार्थ्यांना अपरिचित राहण्याचा संभव असतो.

भाऊरावांचे निधन ९ मे १९५९ रोजी झाले.