दुधाचा डबा आणणारे हात

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरसारख्या वस्तीत रात्री तान्हे बाळ रडू लागते. 'आईचे दूध पुरत नाही' असे घरातले कोणीतरी म्हणते आणि वडील पायात चपला सरकवून औषधाच्या दुकानातून डबा आणतात. हेतू चांगला असतो, परिणाम मात्र उलटा होतो. बाळ जितके चोखेल तितके आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन स्रवते व दूध तयार होते. बाटली आली की चोखणे घटते, मग दूधही घटते. आई ताणाखाली असेल तर ऑक्सिटोसिनचे काम अडते आणि तयार झालेले दूधही नीट उतरत नाही.

या डब्याला आवर घालण्याचे प्रयत्न आपण पाहू. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने डब्यातील दुधाच्या विक्रीसाठी आचारसंहिता संमत केली. १९९१ मध्ये स्तनपानाच्या प्रसारासाठी वर्धा येथे एक राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९९२ च्या भारतीय कायद्याने अशा दुधाच्या जाहिरातींवर बंदी आणली. कंपनी, रुग्णालय, आई या सर्वांचा विचार झाला. डबा विकत आणणारा बाप मात्र बाजूलाच राहिला.

वास्तविक पुरुषांपर्यंत पोहोचण्याची वाट महाराष्ट्रात आधीच पडली होती. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेथील शेतकरी मंडळांत शेतीसाठी जमलेले पुरुष पाणी, पोषण, मुलांचे आरोग्य यांवरही बोलू लागले.

स्तनपानाबाबत असाच प्रयोग इटलीतील नेपल्सला झाला. त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. २८० मातांपैकी निम्म्यांच्या पतींना स्तनपानातील अडचणी ओळखायला व सोडवायला शिकवले. सहा महिन्यांनी या गटात २५ टक्के बाळे पूर्ण स्तनपानावर होती. दुसऱ्या गटात १५ टक्के.

बापाने करायचे ते साधेच आहे. घरकाम वाटून घ्यावे, आईला विश्रांती व धीर द्यावा, बाळ रडले तर आधी पुन्हा अंगावर पाजू द्यावे आणि शंका आल्यास डॉक्टरांना विचारावे. प्रजननाचा धडा शिकवताना आपण शिक्षकांनी हेही सांगावे, असे आम्हांला वाटते. वर्गातली मुले उद्या बाप होणार आहेत.