काटा, वाफ आणि वही

पाण्याच्या आगगाडीची हकीकत लातूरकरांस नव्याने सांगावयास नको. १२ एप्रिल २०१६ रोजी दहा टाक्यांची ती गाडी मिरजेहून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. त्या उन्हाळ्यात घरोघरच्या हंड्याकळशांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु रुग्णालयाच्या एका कोपऱ्यातही रोज एक आधण ठेवावे लागते, त्याची आठवण फारशी कोणास झाली नाही. ते आधण ऑटोक्लेव्हचे. शस्त्रक्रियेची हत्यारे, कापूस, पट्ट्या, डॉक्टरांचे झगे, सारे त्याच्या वाफेतून जावे लागते.

या यंत्राचे मूळ स्वयंपाकघरातले आहे. १६७९ साली डेनी पापँ याने हाडे शिजविण्यासाठी घट्ट झाकणाचे भांडे केले आणि ते फुटू नये म्हणून पुढे त्यावर वजनाची झडप बसविली. आपल्या कुकरची शिट्टी त्याच वंशातली. दोनशे वर्षांनी पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलां याने तेच तत्त्व जंतुनाशासाठी वापरले. काही जंतू बीजाणूंचे कवच पांघरून बसतात व उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत, हे तोवर कळून चुकले होते.

धनुर्वाताचे बीजाणू याच जातीचे. त्यांनी एका थोर माणसाचे किती वाटोळे केले, ते मुंबईच्या इतिहासात नमूद आहे. हाफकीन यांनी प्लेगची लस शोधून १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुल्कोवाल गावी परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेतील लस टोचली गेली आणि एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. खापर हाफकीन यांच्यावर फुटले. त्यांनी जंतुनाशासाठी कार्बॉलिकऐवजी उष्णतेवर भिस्त ठेवली होती, हाच अपराध मानला गेला. पुढे उलगडा झाला तो निराळाच. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बुचास लावला होता! १९०७ साली रोनाल्ड रॉस इत्यादि शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडली, तेव्हा कोठे त्यांच्यावरचा डाग पुसला. मधली पाच वर्षे मात्र परत मिळाली नाहीत.

हे बीजाणू राहतात मातीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात दगडमातीची घरे माणसांवर कोसळली. ढिगाऱ्यातून काढलेल्या माणसांच्या जखमांत हीच माती होती. अशा जखमेवर बांधावयाची पट्टी निर्जंतुक आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. तेथे यंत्र चालविणाऱ्यावरच विश्वास टाकावा लागतो.

आता तो विश्वास कशावर ठेवावयाचा? लोक म्हणतात, काट्यावर. काटा १५ पौंड दाखवितो, म्हणजे १२१ अंश उष्णता झाली, १५ ते २० मिनिटे ठेवले की काम झाले. काटा खोटे बोलत नाही, पण तो दाबाविषयी बोलतो, वाफेविषयी नव्हे. आतली हवा आधी निघून गेली नाही, तर दाब तेवढाच राहून उष्णता पुष्कळ कमी भरते. त्यातून लातूर पडले समुद्रसपाटीहून सुमारे दोन हजार फूट उंच. येथे उघड्यावर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. म्हणून पौंडभर दाब अधिक ठेवावा लागतो. नांदेड सखल, तेथे हा फरक थोडका. हवा नीट निघते की नाही हे ताडण्याची युक्ती बोवी व डिक या दोघांनी १९६३ साली दिली. कापडाच्या गठ्ठ्यात खुणेचा कागद ठेवावयाचा व तो सर्वत्र सारखा काळवंडतो की नाही हे पाहावयाचे. हवा ओढून घेणाऱ्या मोठ्या यंत्रांत ही परीक्षा रोज सकाळी पहिल्या खेपेआधी करतात. ड्रमवरची चिकटपट्टी रंगली म्हणजे तो तापला एवढेच समजावे. खरी परीक्षा बीजाणूंच्या कुपीची. ती यंत्रातून काढून उबेत ठेवतात आणि काही उगवले नाही तरच समाधान मानतात.

मराठवाड्याच्या काळ्या खडकातील बोअरचे पाणी बहुधा जड. त्याचे क्षार तापकांड्यांवर पुटे धरतात, झडपेत जाऊन बसतात. आमच्या पाहण्यातल्या एका दवाखान्यात झडप सारखी फुसफुसते म्हणून कोणी शहाण्याने ती तारेने आवळून टाकली होती. पापँने जीव वाचविण्यासाठी जे बसविले, ते एका तारेने नाहीसे झाले. ती झडप उघडून साफ करावयाची होती, बिघडली असल्यास बदलावयाची होती. क्षारविरहित पाणी, निचऱ्याच्या जाळीतला कचरा रोज काढणे, भेगाळलेली रबरी कडी वेळीच बदलणे, आणि काटा शून्यावर आल्याखेरीज दाराला हात न लावणे, एवढीच ही कामे. यांतले एकही मोठे नाही, म्हणूनच ती राहून जातात.

लातूरचे विवेकानंद रुग्णालय १९६६ सालचे, नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चे. अशा संस्थांत नावाजले जातात ते शल्यविशारद, आणि ते योग्यच. पण शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री ड्रम भरणारा परिचर तारीख, वेळ, दाब, उष्णता लिहून वहीत सही करतो. त्या वहीची पाने उलटून पाहण्यास कोणी बाहेरचा क्वचितच येतो. आम्ही एकदा ती मागितली, तेव्हा त्याने आधी हात पुसले आणि मग ती आमच्या हाती दिली.